स्लोव्हेनियन कविता जर्मनमध्ये नेणारा कवी: ही कारकीर्द उभी कशी राहते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्लोव्हेनिया म्हणजे सुमारे २१ लाख वस्तीचा देश. एवढ्या लहान भाषेतून कविता अनुवादित करणारा जर्मन कवी हे काम वर्षानुवर्षे करतो तरी कसे? भाषा कधी शिकतो, पुस्तक कसे निघते, पोट कशावर चालते, आणि या सगळ्यात त्याच्या स्वतःच्या कवितेचे काय होते?

उत्तराचा गाभा आधी सांगायला हवा. अनुवादाच्या मानधनावर अशी कारकीर्द उभी राहत नाही. ती उभी राहते एका मूळ लेखकाशी दीर्घकाळ टिकवलेल्या नात्यावर आणि स्लोव्हेनियन मातृभाषा असलेल्या एका पक्क्या जोडीदारावर. शिष्यवृत्त्या, महोत्सव, पुरस्कार, अध्यापन हे सगळे या दोन गोष्टींच्या मागून येते. नवखे लोक उलट्या क्रमाने जातात. आधी अनुदानाचा अर्ज भरतात, मग लेखक शोधतात आणि एका पुस्तकानंतर थांबतात.

जर्मन आणि स्लोव्हेनियन यांचा शेजार फार जुना. स्लोव्हेनियनमधली पहिली छापील पुस्तके प्रिमोझ त्रुबारने १५५० मध्ये छापून घेतली ती ट्यूबिंगनला, म्हणजे जर्मन भूमीवर. राष्ट्रकवी फ्रान्से प्रेशेरेन (१८००–१८४९) स्वतः जर्मनमध्येही कविता लिहीत असे. ‘आनास्टासिउस ग्र्यून’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या आउअर्सपेर्ग या जर्मन भाषेतल्या कवीने क्राइन या आजच्या स्लोव्हेनियातल्या प्रांताची स्लोव्हेनियन लोकगीते जर्मनमध्ये आणून १८५० मध्ये लायप्झिगला प्रसिद्ध केली. तेव्हा कवीनेच अनुवाद हाती घेणे ही या दोन भाषांमध्ये नवलाची गोष्ट नाही.

विसाव्या शतकात हे काम मुख्यतः ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडच्या केर्न्टन प्रांतातून झाले, कारण तिथे स्लोव्हेनियन अल्पसंख्याक राहतात. ऑस्ट्रियन लेखक पेटर हांडकेच्या आईचे घराणे तिथलेच. त्याने ही भाषा मोठेपणी नेटाने शिकून घेतली आणि हेल्गा म्राच्निकारच्या जोडीने फ्लोरियान लिपुशची कादंबरी १९८१ मध्ये जर्मनमध्ये आणली. पुढे १९८३ मध्ये गुस्ताव यानुशच्या कविता. फाब्यान हाफ्नर (१९६६–२०१६) त्याच प्रांतात दोन्ही भाषांत वाढला, दोन्ही भाषांत कविता लिहिल्या आणि हांडकेच्या स्लोव्हेनियाशी असलेल्या नात्यावर मोठा अभ्यासग्रंथही लिहिला. आज या दोन भाषांमधल्या अनुवादासाठीचा एक पुरस्कार हाफ्नरच्या नावाने दिला जातो. ही वाट घरातून जाते. जर्मनीत वाढलेल्या, घरात स्लोव्हेनियनचा गंध नसलेल्या कवीची वाट वेगळी, आणि तुमचा प्रश्न खरा तिच्याबद्दल आहे.

त्या वाटेचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे माटिआस ग्योरित्झ. जन्म १९६९, हाम्बुर्ग. पहिला कवितासंग्रह २००१ मध्ये, पहिली कादंबरी २००५ मध्ये. त्या कादंबरीला पदार्पणासाठीचा मारा कासेन्स पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, आलेश श्टेगर या स्लोव्हेनियन कवीचा संग्रह ‘बुख डेर डिंगे’ (वस्तूंचे पुस्तक) सुरकांप या जर्मन प्रकाशनाने काढला. अनुवादक म्हणून दोन नावे होती: उर्श्का प. चेर्ने आणि माटिआस ग्योरित्झ. यातला क्रम लक्षात घ्या. कवी म्हणून नाव आधी झाले होते, आणि पहिला मोठा अनुवाद जोडीने केला. त्यानंतर श्टेगरच्या कविता, निबंध, कादंबऱ्या असे एकामागून एक येत राहिले. २०१९ मध्ये हान्सर या प्रकाशनाने श्टेगरच्या कवितांचा आणखी एक संग्रह ग्योरित्झच्या अनुवादात काढला. २०२३ मध्ये स्लोव्हेनिया फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्याचा सन्माननीय पाहुणा देश झाला, तेव्हा मिहा कोवाच आणि आमालिया माचेक यांच्यासोबत तो त्या कार्यक्रमाच्या आखणीत होता. त्याच वर्षी माचेक, श्टेगर आणि ग्योरित्झ या तिघांनी संपादित केलेले विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या स्लोव्हेनियन कवितेचे मोठे संकलन हान्सरने काढले. जवळपास दोन दशके एका लेखकाला धरून राहिल्यावर संपूर्ण भाषेची कविता त्याच्याकडे चालत आली. पाहुण्या देशाचे वर्ष जाहीर झाल्यावर घाईने भाषा शिकायला लागलेल्यांना ही जागा मिळू शकत नाही, कारण मेळ्याची पुस्तके किमान दीड-दोन वर्षे आधी ठरलेली असतात.

आता कामाची रीत. इथे जरा थांबायला हवे, कारण चांगला आणि वाईट अनुवाद इथेच वेगळे होतात.

जर्मनीत स्लोव्हेनियन बहुधा स्लाव्ह भाषांच्या अभ्यासक्रमात दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकवतात. लुब्लियाना विद्यापीठाचे उन्हाळी चर्चासत्र १९६५ पासून चालते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन आठवडे भाषा, साहित्य आणि संस्कृती. कवीला तिथून व्याकरणापेक्षा मोठी गोष्ट मिळते: समवयस्क लेखक आणि अनुवादक, म्हणजे पुढचा जोडीदार. गद्यासाठी भाषा एकट्याने पेलता यायला हवी. कवितेसाठी मध्यम पातळीवरही सुरुवात होते, पण एका अटीवर: इंग्रजी अनुवाद समोर ठेवून काम करायचे नाही. इंग्रजीवरून केलेल्या कामात लिंग, द्विवचन, क्रियापदाची पूर्ण-अपूर्ण छटा हे सगळे आधीच पुसलेले असते आणि जर्मन कवीला ते हरवल्याचा पत्ताही लागत नाही.

जोडीदार जो कच्चा मसुदा देतो त्यात चार थर हवेत. पहिला थर मूळ ओळ, आघाताच्या खुणांसह. स्लोव्हेनियनमध्ये आघात लिहून दाखवत नाहीत आणि तो शब्दाच्या ठरावीक अक्षरावर पडत नाही, त्यामुळे छापील पानावरून लय ओळखता येत नाही. मूळ कवीच्या आवाजातले ध्वनिमुद्रण जवळ हवेच. दुसरा थर शब्दाला शब्द, विभक्ती आणि वचनासह. तिसरा थर शब्दाच्या पातळीचा: हा शब्द बोलीतला की ग्रंथातला, लहान मुलाच्या तोंडचा की चर्चमधला. चौथा थर संदर्भांचा: गावाचे नाव, जुनी जाहिरात, प्रेशेरेनची ओळ, युगोस्लाव्ह काळातली एखादी घोषणा. जोडीदार बऱ्याचदा चांगले वाचावे म्हणून दुसरा थर गुळगुळीत करून देतो. तसे होऊ देऊ नका. खडबडीत, तुटक मसुदाच उपयोगी, कारण त्यात मूळ वाक्याची हाडे दिसतात. गुळगुळीत मसुद्यावर काम करणारा कवी प्रत्यक्षात जोडीदाराची कविता सुधारत बसतो.

व्याकरणात कुठे अडते ते मराठी वाचकाला पटकन कळेल. शाळेत संस्कृतचे द्विवचन घोकले असेल तर स्लोव्हेनियन परके वाटणार नाही. तिथे द्विवचन रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. ‘ग्रेम’ म्हणजे मी जातो, ‘ग्रेवा’ म्हणजे आम्ही दोघे जातो, ‘ग्रेमो’ म्हणजे तीन किंवा अधिक. प्रेमकवितेत ‘ग्रेवा’ एका शब्दात दोन माणसांभोवती कुंपण घालतो. जर्मनमध्ये ‘विर’ (आम्ही) एवढेच आहे. प्रत्येक ठिकाणी ‘विर बायडे’ (आम्ही दोघे) लिहिले तर तिसऱ्या ओळीपर्यंत कविता जड होते आणि दोन अक्षरांनी लय मोडते. चालणारा उपाय असा: कवितेत पहिल्यांदा द्विवचन येते तिथे एकदाच ‘दोघे’ स्पष्ट करायचे आणि पुढे तो अर्थ ‘तू’ आणि ‘मी’च्या मांडणीतून जिवंत ठेवायचा. मूळ कवितेत मध्येच द्विवचनातून बहुवचनात उडी असेल, म्हणजे दोघांत तिसरा कोणी आला असेल, तर ते वळण जर्मनमध्ये हमखास दिसले पाहिजे. ते चुकले तर कवितेतली घटनाच गेली.

दुसरी अडचण भूतकाळातल्या लिंगाची. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यात बोलणारा पुरुष की स्त्री ते उघड होते, स्लोव्हेनियनमध्येही तसेच. जर्मन ‘इख गिंग’मध्ये काहीच कळत नाही. स्त्रीच्या तोंडची कविता जर्मनमध्ये नकळत पुरुषाची होऊन बसते, विशेषतः कवी पुरुष असेल तर. इथे शीर्षकात किंवा पहिल्या दोन-तीन ओळींत एखादे विशेषण, एखादे नाम असे निवडावे लागते की लिंग कळेल.

नामांच्या लिंगाचा गुंता श्टेगरच्या २००५ च्या त्या मूळ संग्रहात फार ठळक होतो. एक प्रारंभीची कविता आणि पुढे सात-सात कवितांचे सात विभाग, म्हणजे ५० कविता. अंडे, दगड, बटाटा, ब्रेड, छत्री, किसणी अशा वस्तूंवर. वस्तूला ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणून संबोधले की ती व्यक्ती होते. दगड आणि छत्री दोन्ही भाषांत पुल्लिंगी, अंडे दोन्हीकडे नपुंसकलिंगी, तिथे काम सरळ. पण बटाटा स्लोव्हेनियनमध्ये पुरुष आणि जर्मनमध्ये स्त्री. ब्रेड पुरुषाचा नपुंसक होतो. मृत्यू तर सर्वांत अवघड: स्लोव्हेनियनमध्ये स्त्रीलिंगी, जर्मनमध्ये ‘डेर टोड’, पुरुष. कवितेत मृत्यू आई किंवा प्रेयसी म्हणून आला असेल तर सर्वनाम टाळून नामच परत आणावे, किंवा जवळचे एखादे स्त्रीलिंगी नाम उभे करावे. ‘ट्योडिन’ असे स्त्रीरूप जर्मनमध्ये आहे, पण त्याला लोककथेचा वास येतो, त्यामुळे आधुनिक कवितेत ते क्वचितच शोभते.

याशिवाय दोन लहान पण सततच्या गोष्टी. स्लोव्हेनियनला ‘डेर’, ‘आइन’सारखी उपपदे नाहीत आणि क्रियापदातच कर्ता सामावतो. जर्मनमध्ये उपपद आणि सर्वनाम दोन्ही लिहावे लागतात, त्यामुळे ओळ जवळजवळ नेहमी लांबते. ‘कामेन’ म्हणजे कोणताही एक दगड की तोच दगड, हा निर्णय प्रत्येक वेळी अनुवादकाचा. पहिला मसुदा झाला की फक्त उपपदांसाठी एक वेगळी फेरी करावी. जिथे उपपद काढून जर्मन वाक्य अजून उभे राहते तिथे ते काढावे. कवीचा कान कामाला येतो तो या फेरीत, कारण किती काढले म्हणजे जर्मन मोडत नाही हे व्याकरणाचे पुस्तक सांगत नाही.

छंदोबद्ध कवितेचा प्रश्न आणखी कठोर. प्रेशेरेनची १८३४ ची सुनीतमाला घ्या. चौदा सुनीते, प्रत्येकाची शेवटची ओळ पुढच्याची पहिली, आणि त्या सगळ्या ओळींचे मिळून पंधरावे सुनीत. शिवाय त्या पंधराव्याच्या आद्याक्षरांतून युलिया प्रिमित्स हिच्या नावाची अर्पणपंक्ती, बरोबर चौदा अक्षरांची. इथे सुरुवात शेवटापासून करायची. आधी पंधरावे सुनीत पूर्ण बांधायचे, आद्याक्षरांसह. प्रत्येक ओळ एकदा शेवट म्हणून आणि एकदा आरंभ म्हणून दोन्हीकडे नीट बसते का ते तपासायचे, आणि मगच उरलेल्या चौदांना हात लावायचा. पहिल्या सुनीतापासून सरळ चालत गेलेला अनुवादक दहाव्या-अकराव्यापाशी अडकतो, कारण यमकांचा साठा संपलेला असतो आणि मागची एक ओळ बदलली की तीन सुनीते हलतात.

स्रेच्को कोसोवेल (१९०४–१९२६) याच्या रचनावादी कवितांत अडचण अक्षरजुळणीची आहे: गणिती चिन्हे, आडवे-उभे शब्द, मोकळी जागा. त्या १९६७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर एकेचाळीस वर्षांनी, पुस्तकरूपाने आल्या. अशा वेळी हस्तलिखिताची प्रतिमा पाहिल्याशिवाय मांडणी ठरवू नये. टोमाझ शालामुनच्या (१९४१–२०१४) कवितेत उलट मोकळेपणा इतका असतो की अनुवादकाला प्रत्येक उडीमागे कारण द्यायचा मोह होतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जणू’ असे शब्द मूळात नसताना घालणे ही तिथली नेहमीची चूक. त्याच्या कवितांची २०२३ ची सुरकांपची निवड मोनिका रिंक, लिझा लिंडे आणि ग्योरित्झ अशा तिघांनी अनुवादित केली. दोन कवी आणि एक अनुवादक मिळून काम करतात तेव्हा कोणाची ओळ शेवटची मानायची हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. नाहीतर कवितेत तीन आवाज ऐकू येतात.

वीस-पंचवीस ओळींच्या मुक्तछंदातल्या कवितेला मसुद्यानंतर जोडीदारासोबतच्या किमान दोन बैठका लागतात, आणि मध्ये काही आठवडे ती बाजूला ठेवलेली बरी. शेवटची बैठक मोठ्याने वाचनाची: जोडीदाराने मूळ वाचायचे, कवीने जर्मन, ओळीमागून ओळ. द्वैभाषिक आवृत्तीत दोन्ही पाने समोरासमोर येत असल्याने ओळींची संख्या जुळायलाच हवी.

पुस्तक निघते ते असे. आधी पाच ते आठ कविता नियतकालिकाला द्यायच्या: बर्लिनचे ‘श्प्राखे इम टेक्निशन त्साइटआल्टर’, एसेनचे ‘श्राइबहेफ्ट’, ग्रात्सचे ‘मानुस्क्रिप्टे’. मग प्रकाशकाला दहा-पंधरा कवितांचा नमुना, दोन पानी टिपण आणि हक्क कोणाकडे आहेत याची खात्री. स्लोव्हेनियात हक्क बहुधा मूळ प्रकाशकाकडे असतात: बेलेट्रिना, म्लादिन्स्का क्न्यिगा, गोगा वगैरे. हक्काची चौकशी न करता अख्खे पुस्तक अनुवादित करून ठेवणे हा सर्वांत महागडा गोंधळ. जर्मन भाषेत ही कविता मोठ्या घराण्यांपेक्षा लहान प्रकाशकांनी जास्त टिकवली आहे: क्लागेनफुर्टचे वीझर आणि द्रावा, व्हिएन्नाचे एडित्सिओन कोरेस्पोंडेन्त्सेन. पहिल्या पुस्तकासाठी तिथेच जावे. पुस्तक वर्षानुवर्षे यादीत राहते आणि संपादक स्वतः भाषा जाणतो किंवा जाणणाऱ्यांच्या जवळ असतो.

अनुदानाच्या बाबतीत लोक सर्रास क्रम चुकवतात. स्लोव्हेनियन पुस्तक संस्था, म्हणजे ‘याक’, आणि २००८ पासूनचे ‘ट्रादुकी’ हे जाळे परदेशी प्रकाशकाला अनुवादाच्या खर्चासाठी मदत देतात. अर्ज प्रकाशकाने करायचा, अनुवादकाने नाही. सोबत मूळ हक्कधारकाशी झालेला आणि अनुवादकाशी झालेला असे दोन्ही करार लागतात, आणि पुस्तक छापून झाल्यावर अर्ज चालत नाही. म्हणून करारावर सही करण्याआधी प्रकाशकाला अर्जाची अंतिम तारीख विचारून घ्यावी आणि अनुदान न मिळाल्यास मानधन किती, हे करारात लिहून घ्यावे. अनुवादकाला स्वतः अर्ज करता येतो तो बर्लिनच्या जर्मन अनुवादक निधीकडे (स्थापना १९९७) आणि श्ट्रालेनच्या अनुवादक निवासाकडे (१९७८). श्ट्रालेनला खोली, ग्रंथालय आणि शेजारी इतर भाषांचे अनुवादक. जोडीदारासोबत तिथे दोन आठवडे एकत्र काढले तर घरी बसून केलेल्या दोन महिन्यांचे काम उरकते.

पैशाचा हिशेब स्पष्ट हवा. जर्मनीत गद्य अनुवाद ३० ओळी गुणिले ६० अक्षरे अशा प्रमाणपानावर मोजतात आणि दर पानाला २० युरोच्या आसपास असतो. तीनशे पानांची कादंबरी म्हणजे सहा हजार युरो आणि तीन-चार महिने. कविता ओळीवर किंवा ठोक रकमेवर मोजतात, आणि ती रक्कम जोडीदारासोबत वाटायची असते. वाटप आणि मुखपृष्ठावरच्या नावांचा क्रम पहिल्याच दिवशी लेखी ठरवावा. २००९ च्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या निकालाने अनुवादकाला बांधीव आवृत्तीच्या ५,००० प्रतींपुढे ०.८ टक्के वाटा मान्य केला, पण कवितासंग्रह तेवढ्या प्रतींच्या जवळपासही क्वचितच जातो. म्हणून आधार दुसरीकडे शोधावा लागतो: सार्वजनिक वाचने, महोत्सव, अध्यापन (ग्योरित्झ अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवतो), स्वतःचे गद्य. कलाकारांच्या सामाजिक विमा निधीत नोंद झाली की आरोग्य आणि निवृत्तीवेतनाच्या हप्त्यातला अर्धाच भाग स्वतः भरावा लागतो. त्यासाठी लेखन-अनुवादाचे वार्षिक उत्पन्न ३,९०० युरोंच्या वर हवे, पहिल्या तीन वर्षांत मात्र ही अट नसते. ‘फाउ गे वोर्ट’ या हक्कसंस्थेकडे प्रत्येक पुस्तकाची, अगदी नियतकालिकातल्या कवितांचीही नोंद करावी. कंटाळून ती न करणारे दरवर्षीचे हक्काचे पैसे सोडून देतात.

स्वतःच्या कवितेचे काय? इथे माझे मत ठाम आहे: अनुवादक-कवीने एकाच भाषेतून काम करू नये. ग्योरित्झने अमेरिकन कविताही जर्मनमध्ये आणली आहे आणि कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. एकाच मूळ कवीच्या वाक्यरचनेत वर्षानुवर्षे राहिले की तीच वळणे आपल्या ओळींत यायला लागतात, आणि उलटही घडते: अनुवादित कवी अनुवादकासारखा ऐकू येऊ लागतो. तपासायची सोपी रीत अशी की आपल्या चार आणि अनुवादाच्या चार कविता नावे काढून तिसऱ्या कवीला वाचायला द्याव्यात. त्याला दोन्हींत फरक ओळखता आला नाही तर पुढचे पुस्तक दुसऱ्याच लेखकाचे घ्यावे.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेल्या वाचकाला हे सगळे हाताने करून पाहायचे असेल तर ‘लिरिकलाइन’ या बर्लिनच्या ध्वनिसंग्रहावर जावे. श्टेगर आणि शालामुन यांच्या कविता तिथे त्यांच्याच आवाजात आहेत, मूळ मजकुरासह आणि जर्मन अनुवादासह. एक लहान कविता निवडा, तीन वेळा फक्त ऐका, मग वर सांगितलेले चार थर कोशाच्या मदतीने मराठीत लिहा. द्विवचन आणि भूतकाळातले लिंग शोधून त्यांच्याखाली रेघ मारा, आणि जर्मन अनुवादकाने त्या प्रत्येक ठिकाणी काय केले ते समासात टिपा.